राखून ठेवलेली केबल

सिल्वासात लग्नांचं शूटिंग करणाऱ्या चंद्रकांतकडे चांगली वस्तू आली, की तिचं नशीब ठरलेलं: कपाटात जाऊन बसायचं. कार्याला घालायचा म्हणून ठेवलेला शर्ट घडीवरच विरला, पण अंगाला लागला नाही. पुण्याहून लेकीनं, तन्वीनं, शूटिंग साठवायला एसएसडी पाठवली. तळहाताएवढी ती डबी त्यानं वापरायला काढली, हेच नवल. तिच्यासोबतची आखूड केबल मात्र एखाद्या चांगल्या कामाला होईल म्हणून पिशवीसकट कपाटात गेली, आणि डबीला जोडली मोबाइलच्या चार्जरची केबल. टोक बसतंय ना, मग झालं.

त्या दिवशी भिका दुकानात आला तो प्रवासाची पिशवी घेऊनच. खडोलीच्या कारखान्यातला हा कामगार. त्याचं लग्न किलवणीला, सासरच्यांच्या दारात झालेलं, चंद्रकांतनंच शूट केलेलं. आई धुळ्याकडच्या गावी खुब्याचं हाड मोडून खाटेवर. एकुलत्या एका लेकावर तिला अक्षता टाकता आल्या नव्हत्या. आता तिची तब्येत खालावली म्हणून भिका निघाला होता, आणि तिचा निरोप एकच होता: काटछाट केलेलं नको, मांडवापासून सगळं बघायचंय. गावात भाच्याचा लॅपटॉप होता, पण नेट धड चालत नव्हतं.

चंद्रकांतनं सगळं लग्न एसएसडीवर टाकायला घेतलं. कॉम्प्युटर म्हणाला, तीन तास. गाडी तर तासाभरात सुटणार. डबीच कुचकामी निघाली, असं तो पुटपुटला. भिका नुसता पडद्याकडे बघत राहिला, आणि ते चंद्रकांतला बघवेना. त्यानं तन्वीला फोन लावला. तिनं पहिल्याप्रथम केबलचंच विचारलं, आणि उत्तर ऐकून नक्की कपाळावर हात मारून घेतला असणार. चार्जरच्या बऱ्याचशा केबलींतून वीज भरपूर जाते, डेटा मात्र थेंबाथेंबानं, असं तिनं समजावलं. एवढं कानावर पडताच बायको, रजनी, मागच्या घरात जाऊन कपाटातली पिशवी घेऊन आली आणि सरळ फाडली.

“आलं चांगलं काम,” ती म्हणाली.

चहाचे कप विसळून होताहेत तोच सगळं लग्न डबीत उतरलं होतं. चंद्रकांतनं डबी भिकाच्या हातात दिली, केबलही दिली, आणि परत आणायची घाई करू नको म्हणाला. त्याच्या तोंडून असलं काही रजनी पहिल्यांदाच ऐकत होती.

पुढं भिकाचा फोन आला. आईनं दोन दिवस पुरवून पुरवून लग्न पाहिलं होतं. सून दिसली, की कानशिलांवर बोटं मोडायची. एका जागी मात्र तिनं थांबवायला लावलं. लग्नात भिकाला ओवाळायला आईच्या जागी कोणी नव्हतं, तेव्हा चंद्रकांतनं सोबत आलेल्या रजनीला पुढं केलं होतं, नेमकं तिथं. चंद्रकांतला शंका आली: आपली जागा परक्या बाईनं घेतलेली पाहून म्हातारीच्या जिवाला लागलं असेल का?

भिकानं फोन आईकडेच दिला. आवाज अगदी खोल गेलेला होता.

“त्या बाईले एकडाव मनाकडे लई ये, भाऊ. तिनी वटी भरसू.”

चंद्रकांतनं फोन रजनीच्या कानाला लावला. ओटी भरायचं ते बोलावणं तिनं ऐकलं, पदरानं डोळे पुसले, आणि इतक्या वर्षांत सिल्वासात विसरायला झालेली आपली माहेरची, धुळ्याकडचीच बोली तिच्या तोंडी आली.

“येसू, माय. लवकर येसू.”