चेटकिणीची सासू
मोहफुलं वाळू लागली की त्या वासासरशी ती दुपार आठवते. लग्नानंतरचा माझा पहिलाच उन्हाळा होता. अंगणात फुलांतला कचरा निवडायचा सोडून मी एका चेटकिणीची हलकीफुलकी प्रेमकथा वाचत बसले होते. "काऊन हासून राहिली वं?" सासूबाईंनी विचारलं आणि मी पुस्तक पदराआड केलं. झाडपाल्याचं औषध देणाऱ्या त्यांच्या आईला गावानं चेटकीण ठरवून वाळीत टाकलं होतं. शेवटी पुस्तकातली गोष्ट सांगून टाकली. त्यांचे हात थांबले. "तिच्यासंग कोनी लगन केलं का?" "केलं." "अन् सासू?" "सासू तिच्याच हातचा काढा पिते." "मंग पयलेपासून वाच." आता ते पुस्तक माझी मुलगी वाचते. सासू काढा पिते त्या पानात, अक्षरओळख नसलेल्या सासूबाईंनी खुणेला ठेवलेलं मोहफूल अजून तिथंच आहे.