दुनाळी मिटेना

ब्रह्मपुरीकडच्या ठाण्यातली ती घटना आजही आठवते, आणि आठवली की हसू येतं. मी तिथे ठाणेदार होते. धान लोंबीवर आलं होतं. सकाळच्या हजेरीलाच एक गावकरी खबर घेऊन आला: शेजारच्या म्हाताऱ्याने चितळ मारलं, काडतूस त्याच्याच बांधावर पडलंय.

वनखात्याच्या लोकांसोबत गेलो. मेलेलं चितळ, जवळच लाल रिकामं काडतूस. पंचनामा केला. म्हाताऱ्याकडे पीक संरक्षणाच्या परवान्यावर आज्याच्या वेळची दुनाळी, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक होती. रानडुकरं पिटाळायला तो हवेत बार काढायचा. ती जप्त केली. गुन्हा लागला असता तर म्हातारा तुरुंगात, बंदूक कायमची सरकारजमा आणि धान डुकरांच्या पोटात.

चौकशीत तो घाबरला नाही, चिडला. म्हणाला, "बाई, हिच्यात मी आखूड, हलकं काडतूसच घालतो. म्हाताऱ्या बैलाले ट्रकचा माल वढाले लावते का कोणी?"

माणूस खरा वाटणं हा पुरावा नसतो. पण मी शस्त्रागारात काम केलेलं होतं. पंचांसमोर दुनाळी उघडली आणि बांधावरचं रिकामं काडतूस नळीत सरकवलं. नखाएवढं बाहेरच राहिलं. बंदूक मिटेना. काडतूस उडालं की त्याचं तोंड उघडून ते लांबतं, आणि या जुन्या नळीतली काडतुसाची जागा आखूड. तिच्यातून उडालं असतं तर तोंड चेपलं, फाटलं असतं. हे तर नीट गोल होतं.

खबर देणाऱ्याकडेही परवान्याची नवी बंदूक होती; मग त्यालाच ती घेऊन बोलावलं. दोन्ही बंदुका बारा बोअरच्या, म्हणजे नळीची रुंदी एकच; पण तेच काडतूस हिच्यात अलगद बसलं. हे म्हाताऱ्याच्या बांधावर कसं गेलं, असं विचारलं. तो म्हणाला, "मले वाटलं, बारा बोअर म्हंजे सारे बारा बोअर सारखेच." म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला, शिपायाने पाणी आणून दिलं. पुढे प्रयोगशाळेचा अहवालही तेच सांगत आला.

तेव्हापासून मी नव्या फौजदारांना सांगत आले: खबर ऐका, पण पंचनाम्याआधीच आरोपीचं नाव सांगणाऱ्याच्या घरातही डोकावून या.

कापणीआधी कोर्टाचा आदेश आला, दुनाळी परत मिळाली. म्हाताऱ्याला ठाण्याच्या फाटकातच आनंदाचा बार काढायचा होता. मी म्हटलं, "भाऊ, इथे उडवलीत तर पुन्हा जप्त करीन."

त्याने बंदूक खांद्यावर टाकली. "राहू द्या मंग. घरी डुकरं वाट पाहून राह्यली."