धोंडीराम मिस्त्रींची पायरी

सर्व लहानथोरांस गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, विमानाचा सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे इंजिन नव्हे, पंख नव्हेत, आणि टोपी घालून बसलेला वैमानिक तर मुळीच नव्हे. विमानाचा सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे त्याची पायरी. हा शोध लासुर्ण्याच्या धोंडीराम मिस्त्रींनी लावला होता, आणि तो ज्यांना मान्य नसे त्यांच्याशी मिस्त्री दोन-दोन दिवस बोलत नसत.

पन्नास सालानंतरची गोष्ट. इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात मी स्टोअरचा कारकून होतो. नटबोल्ट, काथ्या आणि गोणपाट हे माझं राज्य. कळंबच्या बाजूला माळावर मुरूम दाबून एक धावपट्टी केली होती आणि तिथं पत्र्याच्या शेडमध्ये मालकांचं छोटं विमान उभं असे. चार माणसांचं, कुणाकडून तरी जुनं घेतलेलं, पण दिसायला नव्या नवरीसारखं. आमची सगळी कॉलनी त्या शेडकडे जीभ बाहेर काढून बघायची. आत जायची मुभा मात्र तिघांनाच: मालक, कॅप्टनसाहेब आणि धोंडीराम मिस्त्री. पहिल्या दोघांबद्दल माझी तक्रार नव्हती. तिसऱ्याबद्दल मात्र माझ्या पोटात असं दुखायचं की ओवा खाऊनही थांबत नसे.

मिस्त्री मूळचे गाळपखात्यातले. पण विमानाची पायरी अडायला लागली आणि त्यांचं नशीब उघडलं. पंखावर चढायचं तर आधी पाय टेकायला काहीतरी हवं. म्हणून पंखाच्या मागं, पोटाखाली, एका नळीच्या टोकाला तळहाताएवढी पायरी होती. विमान उडालं की पुढचं चाक पोटात जाई, आणि चाकाला बांधलेली तार कप्पीवरून पायरीलाही आत ओढून घेई. उतरताना चाक बाहेर, की स्प्रिंगच्या जोरानं पायरीही बाहेर. अमेरिकेत हे छान चालत असेल. आमच्याकडे मुरमाची धूळ आणि धुराड्यातली चिपाडाची काजळी त्या नळीत शिरायची. पायरी बाहेर अडकली, तर कॅप्टनसाहेब वेग मिळत नाही म्हणून कुरकुरायचे. आत अडकली, तर पाहुण्यांना पोत्यासारखं उचलून चढवावं लागायचं.

"पाखरू उडताना पाय पोटाशी घेतं, भाऊसाहेब," मिस्त्री मला समजावत. "न्हाय घेतला, तर ते पाखरू न्हाय, कोंबडी हाय."

कोंबडीचं पाखरू करण्यासाठी त्यांनी काय केलं नाही! ग्रीस लावलं तर धूळ चिकटते, म्हणून ग्रीस पुसून टाकलं आणि माझ्या स्टोअरमधल्या पेन्सिली नेऊन, त्यातलं शिसं कुटून, ती काळी पूड नळीला चोळली. पायरी लोण्यासारखी सरकायला लागली आणि मी सहा महिने खिळ्याएवढ्या थोटकानं लिहीत बसलो. पाय घसरू नये म्हणून गिरणीच्या जुन्या पट्ट्याचं रबर कापून तांब्याच्या रिबिटांनी पायरीवर बसवलं. नळीच्या तोंडाला नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, चकती घातली, की आत जाता-येता पायरीचं अंग आपोआप पुसलं जावं. "लेकराचं नाक पुसल्यागत," असं म्हणताना त्यांचा चेहरा खरोखर आईसारखा व्हायचा.

आणि आईपेक्षा सासूसारखा जास्त. त्या पायरीवर पाय कोण ठेवतो याच्यावर मिस्त्रींचं बारीक लक्ष. बारामतीचे एक बडे व्यापारी चिखलाच्या बुटांनी आले, तर मिस्त्रींनी गोणपाट आडवं टाकलं.

"अहो मिस्त्री, पायरीनं वागा," फोरमन खेकसले.

"पायरीनंच वागतुया की, साहेब. म्हणून तर ह्यांचं बूट पुसतुया."

घरी तर याची भलतीच शोभा झाली होती. मिस्त्रींच्या तोंडी सकाळ-संध्याकाळ एकच विषय. "आज पायरी रुसली." "आज पायरीनं अंग चोरलं." त्यांच्या पत्नी सोनाबाई, माहेरच्या कऱ्हाटीच्या, तोंडानं तिखट आणि मनानं त्याहून तिखट. नळावर बायका चिडवायच्या, "सोनाबाई, मिस्त्री कुठं?"

"गेलं की माझ्या सवतीला तेल लावाया! माझ्या डोसक्यावर कवा खोबरेल घातलं न्हाय, आन् तिला रोज न्हाऊमाखू घालत्यात."

अशा या सुखी संसारात एक दिवस मुंबईहून पिंटोसाहेब आले. विमानाचे खरे मेकॅनिक, गोरेगोमटे, शिट्टीवर गाणी म्हणणारे. मालकांनी पायरीला नवी करामत करायला त्यांना बोलावलं होतं. तार नको, कप्पी नको. पोटात एक छोटा भाता बसवायचा. इंजिन सुरू झालं की ते भात्यातली हवा ओढून घेणार, भाता आक्रसणार आणि पायरी आत. इंजिन बंद झालं की भाता सैल, स्प्रिंगनं पायरी बाहेर.

मिस्त्री शेडच्या दाराशी उभे राहून हे बघत होते. पिंटोसाहेबांनी तार काढून टाकली तेव्हा ती त्यांनी उचलून घेतली आणि पागोट्याच्या घडीत खोचली. मला फार वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर मला असा काही थंडावा वाटला की त्या रात्री मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

"मिस्त्री, भाता कसा आहे?" मी मुद्दाम विचारलं.

"भाता लोहाराच्या आळीत शोभतो," ते म्हणाले. "इमानाच्या पोटात भाता म्हंजी वाघाच्या पोटात शिटी. फुटंल बगा."

पण भाता फुटेना. आठवडा झाला, पायरी शिस्तीत आत, शिस्तीत बाहेर. फोरमननं निरोप धाडला: सोमवारपासून मिस्त्री पुन्हा गाळपखात्यात. विमानाला आता त्यांची गरज नाही. त्यानंतर मिस्त्री रोज शेडबाहेरच्या बाभळीखाली बसू लागले. मारुतीला नारळ बोलून ठेवला होता. कशासाठी, ते मी विचारलं नाही. भाता फुटावा म्हणून, आणखी कशासाठी?

सोमवारच्या आदल्या दिवशी मालकांच्या आत्यासाहेब पुण्याला परत निघाल्या. देहानं भारदस्त, गुडघ्यांनी नाजूक. कॉलनीतल्या बायका त्यांची ओटी भरायला माळावर जमल्या होत्या, त्यात सोनाबाईही. ओट्या भरून झाल्या. कॅप्टनसाहेब आत बसून इंजिन तापवत होते. धुरळा उडत होता, कानठळ्या बसत होत्या. उन्हात मोटारीत बसून आत्यासाहेबांचा जीव उबगला. कुणाला न विचारता त्या उतरल्या, मागच्या बाजूनं थेट पंखाकडे गेल्या, एका हातानं वरची मूठ धरली आणि दर खेपेच्या सवयीनं पाय उचलला.

पायरी नव्हतीच. इंजिन सुरू, भाता आक्रसलेला, पायरी पोटात. पिंटोसाहेबांची करामत अगदी त्यांनी सांगितल्याप्रमाणे चालली होती. फक्त ती आत्यासाहेबांना कुणी सांगितली नव्हती. एक पाय अधांतरी, दुसरा गुडघा लटपटतोय, मूठ सुटत आलेली. पिंटोसाहेब पलीकडून हात हलवत इंजिन बंद करायची खूण करत होते.

मी मिस्त्रींकडे पाहिलं. बोललेला नारळ फळाला आला होता. नुसतं बसून राहायचं होतं, की सोमवारी पायरी परत त्यांचीच!

मिस्त्री धावले. साठीला टेकलेला माणूस कोंबड्यामागं धावावं तसा धावला, पंखाखाली एक गुडघा टेकला, दुसरी मांडी पुढं केली आणि ओरडला, "ठेवा पाय, आत्यासाब! बिनघोर ठेवा!" आत्यासाहेबांनी पाय ठेवला. सबंध भार. मिस्त्रींचं पागोटं धुळीत गेलं, पण मांडी हलली नाही.

पुढं काय झालं ते आताच सांगून टाकतो, कारण शेवटचा शब्द माझा नाही. भाता राहिला, मिस्त्रीही राहिले. कॅप्टनसाहेबांनी नियम केला: मिस्त्री पायरीजवळ उभे राहतील, सगळे चढले की हात वर करतील, आणि तो हात वर गेल्याशिवाय इंजिन सुरू होणार नाही. म्हणजे आधी नुसती पायरी त्यांच्या ताब्यात होती, आता सबंध विमान! माझं पोट पुन्हा दुखायला लागलं ते कायमचं. "भात्यानं वाट लावली असती," मिस्त्री सांगत, "पर पायरी कुणाची बी असू दे, माणूस पडाया नगं." विमान विकलं गेलं तेव्हा ते गावी जाऊन वांगी लावू लागले. गेल्या वर्षी वारले. मी लासुर्ण्याला गेलो, तेव्हा सोनाबाई डोळे पुसत मला म्हणाल्या, "भाऊसाहेब, तुमी लोकांना सांगत फिरता, पर मी त्या दिशी तसं काय बोललेच न्हाय."

बोलल्या होत्या. सगळ्या माळानं ऐकलं होतं. झालं असं की इंजिनाच्या गोंगाटात शेजारणीला ऐकू जावं म्हणून त्या बेंबीच्या देठापासून ओरडत होत्या आणि नेमकं तेव्हाच कॅप्टनसाहेबांनी इंजिन बंद केलं. पंखा थांबला. भाता सैल झाला आणि पिंटोसाहेबांची पायरी हळूच बाहेर येऊन मिस्त्रींच्या बरगडीत टोचली. त्या गच्च शांततेत, मालकांसमोर, आत्यासाहेबांसमोर, अख्ख्या कॉलनीसमोर सोनाबाईंचा आवाज खणखणीत वाजला:

"आन् मला बैलगाडीत चढताना ह्यो बाबा म्हनतो, चाकावर पाय दे आन् चढ की, माझ्याकडं काय बगतीस!"