फ्लॉपीतला कोंबडा

आमचं घर बागवानांचं, धंदा फळांचा. भोरच्या बाजारात अब्बांचा गाळा होता. शेजारचा गाळा रिकामा झाला तेव्हा मी त्यात कॉम्प्युटर मांडून बसलो. टायपिंग, झेरॉक्स, लग्नपत्रिका, अर्ज असली कामं. अब्बांना ते कधीच पटलं नाही. "माझं केळं संध्याकाळपत्तोर तरी टिकतं. तुझं मशीन पुण्यास्नं आणंस्तवर जुनं व्हतंय," असं ते गिऱ्हाइकांसमोर म्हणायचे. राग याचा यायचा, की त्यांचं खरं होतं.

राग मला तसाही लवकर येतो. पत्रिकेचं प्रूफ बघायला आलेला प्रत्येक मामा मॉनिटरच्या काचेवर बोट टेकवून "हितं गणपती जरा मोठा करा" म्हणायचा, आणि त्या बोटाला हमखास पेढ्याचं तूप असायचं. शेवटी मी 'काचेला हात लावू नये' अशी पाटी लावली. ती पाटी वाचायलाही लोक काचेवर हात टेकवून वाकायचे. त्या काचेपायी मी किती गिऱ्हाइकं तोडली ते अब्बांना विचारलं असतं तर त्यांनी नावानिशी सांगितलं असतं.

दोन हजार सालानंतरच्या एका उन्हाळ्यात वेल्ह्याकडचे एक गुरुजी दुकानात आले. हायस्कुलात गणित शिकवायचे, आणि महिन्याभरात रिटायर व्हायचे होते. पिशवीतून त्यांनी लाल कापडात बांधलेलं काहीतरी काढलं. मला वाटलं पोथीची झेरॉक्स काढायची असेल. आत निघाली एक जुनी मोठी फ्लॉपी, ती काळी, वाकणारी, पोळपाटावरच्या पुरीएवढ्या गोल चकतीची. तिच्यावर हळदीकुंकवाचे थर चढले होते आणि कोपऱ्याला झेंडूची वाळलेली पाकळी चिकटली होती.

"ह्यात माझा कोंबडा आहे," गुरुजी म्हणाले.

"गुरुजी, हे घेणारं मशीन आता भंगारातसुद्धा मिळत नाही," मी म्हणालो, आणि टायपिंगकडे वळलो. दुसरा कुणी असता तर उठून गेला असता. गुरुजी स्टूल ओढून बसले. वर्गाने गोंगाट थांबवेपर्यंत थांबायची सवय असलेला माणूस तो. मी थांबलो तेव्हा त्यांनी सांगायला सुरुवात केली.

नव्वदच्या आसपास त्यांच्या शाळेला सरकारकडून एक कॉम्प्युटर मिळाला होता. पुण्याला जाऊन प्रशिक्षण घ्यायला कुणी तयार होईना म्हणून गुरुजी गेले. परत आल्यावर अख्खी मे महिन्याची सुट्टी त्यांनी शाळेत काढली आणि एक कोंबडा तयार केला. पडद्यावर रंगीत कोंबडा यायचा आणि बटण दाबलं की आरवायचा. बघायला गाव जमलं, पाहुणे आले, गुरुजींनी बटणाकडे बोट नेलं आणि लाईट गेली. पुन्हा आली ती अशा झटक्याने आली, की कॉम्प्युटरमधून धूर निघाला. तो परत कधी चालू झाला नाही. गुरुजींचा कोंबडा गुरुजींशिवाय जगात कुणीच पाहिला नाही.

गावाला तेवढं पुरलं. तेव्हापासून ते कोंबडेगुरुजी. एसटीत चढले की मागच्या सीटवरून आवाज यायचा, "गुरुजी, आरवलं का?" बारशाला गेले तरी तेच, मयतीला गेले तरी तेच. फक्त मयतीत जरा हळू विचारायचे. यात सगळ्यांत पुढे होता त्यांचाच एक विद्यार्थी, आता गावच्या दूध डेअरीचा चेअरमन.

"आता निरोप समारंभात मला शाल, नारळ आणि जिवंत कोंबडा द्यायचं ठरवलंय त्यानं," गुरुजी म्हणाले. "तुमचा काही दिसला नाही, निदान हा तरी घ्या, असं म्हणणार आहे. हसायला माझी ना नाही हो. पण इतकी वर्षं गणित शिकवलं. नोकरीत आहे तोवर मास्तर तरी आहे. उद्या रिटायर झालो की गावात माझं एवढंच उरणार, की हा माणूस खोटं बोलला होता."

ते रडले वगैरे नाहीत. पण मला त्यांचं वाईट वाटलं, आणि मला वाईट वाटलं की मी आणखीच चिडतो. "ठेवा ती इथं," मी खेकसलो.

पुण्यात माझ्या ओळखीचा एक कॉम्प्युटर दुरुस्तीवाला होता. लोकांनी फेकलेली मशीनं घरी नेऊन तो लग्नाला आलेल्या मुलींसारखी सांभाळायचा. त्याच्याकडे अशी फ्लॉपी वाचणारं यंत्र होतं. तिकडे फ्लॉपी पाठवली, तर त्याचा फोन आला.

"मिसळ खाल्ली का रे हिच्यावर?"

"का?"

"आत तिखट पडलंय."

ते तिखट नव्हतं. फ्लॉपी गुरुजींच्या घरी देव्हाऱ्याखाली असायची. दसऱ्याला घराघरांत कोयता, विळा, शिलाईचं मशीन पुजतात, तशी गुरुजींच्या पत्नी, म्हणजे बाई, ही फ्लॉपीही पुजायच्या. आता अशा फ्लॉपीच्या कव्हरला एक लांबट खिडकी असते. तिच्यातून आतली चकती दिसते, आणि वाचायचं असतं ते तिथूनच. बाईंना ती जागा बरोबर कपाळासारखी वाटली असणार. दर वर्षी कुंकू तिथेच. चकती यंत्रात फिरली आणि कुंकवाच्या टिकलीचं गोल कडं झालं.

दुरुस्तीवाल्याने ती हलक्या हाताने पुसली आणि संबंध फ्लॉपीची जशीच्या तशी नक्कल एका फाइलीत उतरवली. याला ते लोक इमेज म्हणतात. कुंकवाच्या कड्याखालचं मात्र काही वाचता आलं नाही. तेवढी जागा नकलेत कोरी राहिली. ती फाइल आणि दोन फुकटची सॉफ्टवेअरं त्याने सीडीवर घालून दिली. जुन्या फ्लॉपीच्या आत काय आहे ते आजच्या कॉम्प्युटरला कळत नाही. पहिलं सॉफ्टवेअर ती इमेज उघडून आतल्या फाइली दाखवतं, दुसरं आजच्या कॉम्प्युटरला त्या जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घ्यायला लावतं. कुठल्याशा देशात कुणीतरी बसून हे फुकट लिहितो, लोकांच्या मेलेल्या फ्लॉप्या उघडाव्यात म्हणून. अब्बांना सांगितलं तर म्हणाले, "त्याचं बी दुकान चालत नसंल."

गुरुजींना बोलावलं आणि पहिलं सॉफ्टवेअर उघडलं. डावीकडे फाइलींची नावं आली. त्यात इंग्रजी अक्षरांत 'कोंबडा' असं नाव दिसलं आणि गुरुजींनी माझा हात धरला. त्यावर क्लिक केलं. उजवीकडे काळ्या पडद्यावर पिवळं अंग, हिरवी शेपटी, दोन पाय, चोच, डोळा. सगळं होतं. फक्त डोक्याच्या वर सुरीने कापल्यासारखं सपाट.

"तुरा कुठं गेला?" गुरुजी म्हणाले.

मी कुंकवाचं सांगितलं. तेवढाच एक आडवा पट्टा गेला होता, आणि नेमका तुरा त्यात होता.

"मी तुरा काढून देतो, दोन मिनिटांचं काम आहे," मी म्हणालो.

"नको. मग तो तुमचा कोंबडा होईल." आणि पुढे म्हणाले, "आणि हे घरी कळू देऊ नका. तिनंही कोंबडा पाहिलेला नाही. तरी दर वर्षी पूजा करते. अख्ख्या गावात मला खरं मानणारी ती एकटी आहे."

समारंभाच्या दिवशी दुपारी मी टेम्पोतून कॉम्प्युटर, यूपीएस आणि स्पीकर घेऊन गावात पोहोचलो. काच फुटू नये म्हणून मॉनिटर मांडीवर घेतला होता. शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडलं होतं. टेबलाखाली टोपलीत, पायाला सुतळी बांधलेला, लालभडक तुऱ्याचा कोंबडा बसला होता. चेअरमनने माझं नाव विचारलं आणि त्याला फारच आनंद झाला.

"लई बरं झालं तुमी आला," तो म्हणाला. "आमचे मुलाणी आज सासवडला गेलेत. कार्यक्रम झाला की रश्शासाठी ह्येला तुमीच कापून द्या."

गावात कोंबडं-बकरं कापायला मुलाणी लागतो, ही तिकडची जुनी रीत. पण मुसलमान असलो तरी मी बागवान. आमच्या सात पिढ्यांनी कलिंगडापेक्षा मोठं काही कापलेलं नाही. मी तर आयुष्यात माउसशिवाय काही हातात धरलं नव्हतं. हे सांगायला तोंड उघडलं तोवर तो पुढे गेला होता. टोपलीतला कोंबडा माझ्याकडे एका डोळ्याने बघत होता, त्यालाही बहुतेक कळलं होतं.

भाषणं झाली. चेअरमनने शाल दिली, नारळ दिला आणि टोपलीकडे हात नेला. तेवढ्यात गुरुजी म्हणाले, "आधी माझा बघा." त्यांनी मला खूण केली. मी मॉनिटर सुरू केला आणि लाईट गेली.

व्हरांड्यात असा हशा उठला, की कौलांवरची कबुतरं उडाली. हसता हसता लोकांच्या लक्षात आलं, की पडदा अजून चालू आहे. यूपीएस टीं टीं करायला लागला होता.

"हाच का कोंबडा?" मागून कुणीतरी विचारलं. "ह्यो तर चिमणीवानी वरडतोय."

मी घाईघाईने सोंगाचं सॉफ्टवेअर चालू केलं. पडदा काळा झाला आणि वरून खाली, ओळीओळीने, कोंबडा उतरला. हशा थांबला. लोक पुढे सरकले. इतक्या वर्षांची चेष्टेतली गोष्ट समोर दोन पायांवर उभी होती.

चेअरमनने मान वाकडी करून नीट पाहिलं. "पर गुरुजी, ह्येला तुरा कुठाय? ही कोंबडी हाय की!"

पुन्हा हशा. गुरुजींचा चेहरा उतरला. त्यांनी मान खाली घातली, आणि माझं डोकं फिरलं.

"कोंबडी कसली! तुरा होता!" मी ओरडलो. "दर दसऱ्याला पूजा करून करून कुंकवानं खाल्ला तो!"

बोलून गेलो आणि जीभ चावली. बायकांच्या पुढच्या रांगेत गुरुजींच्या बाई बसल्या होत्या. मांडीवर औक्षणाचं तबक होतं. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग गुरुजींकडे.

"म्या?" त्या म्हणाल्या. "म्या खाल्ला व्हय?"

"तसं नाही गं," गुरुजी म्हणाले.

"मग सांगायचं न्हाई का?"

त्या उठल्या, तबक घेऊन टेबलापाशी आल्या. पडद्यावरच्या कोंबड्याला त्यांनी पहिल्यांदा जवळून पाहिलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी अंगठ्याशेजारचं बोट कुंकवात बुडवलं आणि माझ्या मॉनिटरच्या काचेवर, कोंबड्याच्या बरोबर डोक्यावर, एकामागून एक टिकल्या टेकवल्या. तेलात कालवलेलं कुंकू होतं ते. मला राग आलाच नाही, याचं आजही नवल वाटतं.

तुरा झाला. चांगला टपोरा झाला.

"आता दाबा," बाई गुरुजींना म्हणाल्या.

गुरुजींनी बटण दाबलं. स्पीकरमधून जो आवाज निघाला त्याला आरवणं म्हणायला धाडस लागेल. घाटात एसटीचा ब्रेक लागावा तसा सुरुवातीला, आणि शेवटी शिट्टी. व्हरांड्यात सगळे एकमेकांकडे बघायला लागले. चेअरमनचा चेहरा हसण्याच्या बेतात आला होता.

तेवढ्यात टेबलाखालून, टोपलीतून, पाय बांधलेल्या त्या कोंबड्याने मान ताणून, भर दुपारी, खणखणीत उत्तर दिलं.

गुरुजींनी पुन्हा बटण दाबलं. त्याने पुन्हा उत्तर दिलं, आणि या वेळी पंखही फडफडवले. मग मात्र सगळा व्हरांडा हसून हसून लोळायचा राहिला. पण हे हसू पहिल्यासारखं नव्हतं. गुरुजी स्वतः त्यात सगळ्यांत मोठ्याने हसत होते. चेअरमन पुढे आला, टोपी काढली आणि त्यांच्या पाया पडला. "चुकलं गुरुजी," तो म्हणाला. "खरंच आरवतोय वो."

गुरुजींनी त्याच्या पाठीवर थाप मारली. मग सुरी आणायला निघालेल्या माणसाला त्यांनी वर्गातल्या आवाजात थांबवलं.

"त्याची सुतळी सोडा," ते म्हणाले. "साक्षीदाराला कापत नसतात."

माझ्या जिवात जीव आला. त्या संध्याकाळी सगळ्या गावाने पिठलं-भाकरी खाल्ली, बाईंनी मला आग्रह करून दोनदा वाढलं, आणि कोंबडा गुरुजींच्या अंगणात दाणे टिपत फिरत होता.