पानाची खालची बाजू

फोन आला तेव्हा माझे हात साबणाच्या फेसात होते आणि तळहातावर रबराच्या झाडाचं रुंद पान. "काका, आई गेली," ठाण्याच्या हॉस्पिटलातून कुसुमताईंची मेधा म्हणाली. मी म्हणालो, "थांब, अजून चार पानं राहिलीत." असं उत्तर कुणी देतं का... पण त्या दिवसांत माझी अवस्थाच तशी झालेली.

कुसुमताई डोंबिवलीत आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या, एमआयडीसीच्या इतक्या जवळ की कठड्यावर बोट फिरवलं तर काळं व्हायचं. कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. गॅलरीत रबर, क्रोटन, डिफेनबेकिया, सगळी नुसती शोभेची झाडं. "फूल नाही, फळ नाही, कशाला सांभाळता?" असं मी एकदा विचारलं. त्यांनी पानाला खालून बिनरंगी नेलपॉलिश लावलं, वाळल्यावर चिकटपट्टीनं पापुद्रा उचलला आणि मला मायक्रोस्कोपमधून बघायला लावलं. ओठांसारख्या बारीक फटी, शेकड्यांनी. "ही पर्णरंध्रं. झाडाचा श्वास इथून. तुझ्यासारखा तोंड उघडं टाकून नाही."

हॉस्पिटलात जाताना त्यांनी किल्ली माझ्याकडे दिली. "ओल्या फडक्यानं पानं पुस. खालून नक्की." मी पडलो हौशी. नुसतं पाणी काय लावायचं, म्हणून पानापानाला खोबरेल तेल चोळलं, वरून आणि आज्ञाधारकपणे खालूनही. झाडं अशी चमकली की लग्नाच्या हॉलमध्ये ठेवावीत. दोन आठवड्यांत पानं पिवळी पडून गळायला लागली. तेवढ्यात ताईंनी फोटो मागितला. मी मोबाईलमधला जुना पाठवून दिला. लगेच फोन.

"नंदू, श्रावणात माझ्या गॅलरीत आकाशकंदील कुणी लावला रे?"

मी फोन या कानावरून त्या कानावर नेला.

"एक पान घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी पान डब्यात घालून गेलो. ताईंनी ते उलटं केलं, बोट फिरवलं, बोट हुंगलं आणि हसायला लागल्या. हसता हसता दम लागला. नर्सनं येऊन नाकातली नळी सारखी केली. "बघितलंस," जरा वेळानं म्हणाल्या, "तेलानं झाडांचं असंच झालंय. मला नळी तरी आहे." मग साबणाचं पातळ पाणी कसं करायचं ते सांगितलं. "खाली हात धर, देठ मोडशील नाहीतर. जुनी पानं जातील, जाऊ देत. मी येईपर्यंत एखादं नवं..."

मग सकाळ-संध्याकाळ माझ्या वरखाली फेऱ्या. क्रोटन गेलं, डिफेनबेकिया गेला. रबर तेवढं राहिलं, आणि ताईच आल्या नाहीत.

घर आवरायला मेधा आली तेव्हा रबराची कुंडी तिनं माझ्या दारात आणून ठेवली. "आईनं तुम्हाला द्यायला सांगितलंय."

"मी काय केलं ते माहितीये ना तुला?"

"म्हणूनच. म्हणाली, पानाची खालची बाजू आता तो विसरायचा नाही."

शेंड्याला नव्या पानाची लाल सुरळी आहे, उघडत नाही. मला बसवत नाही. चहा अर्धा टाकून उठतो. बायको म्हणते, "अहो, बघत राहिल्यानं पान लवकर येतं का?" खरंय तिचं. तरी फडकं पिळतो, पानाखाली तळहात धरतो. सातच पानं आहेत. सातवं पुसून होईस्तोवर पहिल्यावर पुन्हा धूळ बसलेली असते.