चावडीवर नेलेला बेवारशी

त्या वर्षी कृष्णाकाठाला पाऊस बरा झाला होता, पण माण आणि जतकडे काहीच पिकलं नव्हतं. तिकडची माणसं जगायला आमच्याकडे आली. गावच्या बाजारात पत्र्याची एक लांब शेड होती. आठवडी बाजार सोडला तर ती मोकळीच. तिच्यात एक नवरा-बायको आणि त्यांची पोरं, एक म्हातारी आणि पहिल्या महायुद्धात पाय गमावलेला एक पलटणवाला अशी माणसं राहू लागली. बाजारादिवशी ती गाठोडी उचलून कडेला बसायची, माळव्याच्या, भाजीपाल्याच्या पाट्या उतरवायला मदत करायची आणि दिवस मावळता शेड झाडून पुन्हा आत यायची.

मी गुळाच्या अडतीत कारकून होतो. अंगाने इतका बारीक, की ढेपा मोजताना हमाल मला बाजूला सरकवून ठेवत. रोज वर्तमानपत्र मोठ्याने वाचत असल्यामुळे गावातला विचारवंत मीच, असं माझं मत होतं. आणखी कुणाचं तसं मत असल्याचं मात्र कधी कानावर आलं नाही.

अशात गावाला नवा फौजदार आला. पाठोपाठ कुणी मोठा साहेब पाहणीला येणार असं ठरलं आणि फौजदाराने दवंडी पिटवली : शेड रिकामी करायची, बेवारशी माणसं वेशीबाहेर घालवायची. साहेबाच्या नजरेला ती पडता कामा नयेत.

गावाला हे रुचलं नाही. मला तर स्फुरणच चढलं. मी बाजारात गेलो. तिथे माळवं विकणारी एक मावशी होती. तिने डोळे वटारले की भांडणं मिटत. बाकीच्या बायकांना ती सांगत होती, "उद्या बाजार नसला तरी पाट्या घिऊन यायचं. शेडातच बसायचं. बघू कोण उठवतंय."

"मावशी, भाषण मी करीन," मी म्हणालो.

"करा की," ती म्हणाली, आणि वांगी निवडू लागली.

मी नुकताच हिवतापातून उठलो होतो. डोईचे केस भादरलेले, दाढी वाढलेली. त्यात सकाळी बायकोने माझे चांगले कपडे भिजत घातलेले. "जुनंच घाला," ती म्हणाली. "तुमच्याकडं कोण बघतंय?" कोपरावर फाटलेला सदरा घालून मी क्रांतीला निघालो.

शेडीत बायका पाट्या मांडून बसल्या होत्या आणि त्यांच्यामध्ये ती माणसं. फौजदार आला. बरोबरचे पोलीस बंदोबस्तासाठी फलटणहून आणलेले, म्हणजे मला ओळखणारं त्यांच्यात कुणी नव्हतं. मी एका उपड्या पाटीवर चढलो, हात वर केला, "बंधूंनो" म्हणालो, आणि पाटी मोडली. मी थेट टोमॅटोंत बसलो.

तिकडे लक्ष न देता फौजदाराने पलटणवाल्याकडे काठी दाखवली. "हा कोण?"

"माजा भाऊ हाय," मावशी म्हणाली.

"आणि ही म्हातारी?"

"माजी सासू," मिरच्या विकणारी म्हणाली. तिची खरी सासू पलीकडेच बसली होती. तिनेही मान हलवली. "व्हय, आमी दोगी बी तिच्या सासवा."

नवरा-बायको कुणाचे भाऊ-भावजय निघाले, पोरं कुणाची भाचरं. फौजदार विचारत गेला आणि शेडीतला एकूण एक माणूस गोतावळ्यात गेला. शेवटी त्याची काठी माझ्यावर आली. मी टोमॅटोच्या रसात, डोकं भादरलेला, हाताशी मोडकी पाटी.

"हा कुणाचा?"

माझ्याबद्दल विचारतील असं कुणाला वाटलंच नव्हतं. मला घर होतं, नोकरी होती. मावशी तर आधी आपल्या टोमॅटोंकडे बघत होती.

"मी या गावचा सुशिक्षित नागरिक आहे," मी म्हणालो.

"येडं हाय सायेब," एक पोलीस म्हणाला. "ह्येला तरी घ्या."

अशा रीतीने गावातून बेवारशी म्हणून उचललेला एकमेव माणूस मी ठरलो. चावडीवर मी राहिलेलं भाषण सुरू केलं. पोलिसाने दया येऊन मला विडी दिली.

थोड्या वेळाने कुबडी टेकत पलटणवाला आला, मागे माझी बायको आणि बाजारातल्या बायका. त्याने फौजदाराला खणखणीत सलाम ठोकला. "सायेब, ह्यो माजा पुतण्या हाय. डोस्क्यानं जरा आसा हाय, पर गरीब हाय."

बायको पदर तोंडाला लावून उभी होती. मला वाटलं, रडते आहे. ती हसत होती.

फौजदारही शेवटी हसला. "न्या," म्हणाला. "आणि शेडीपुढं ताडपत्री तरी बांधा." ताडपत्री बांधायला गाव लोटलं. साहेबाची मोटार आली, धुरळा उडवत डाकबंगल्यावर गेली. तो बाजाराकडे फिरकलाही नाही.

मग शेड रिकामी करायचं कुणी नाव काढलं नाही. पुढच्या पावसाळ्यात ते जोडपं पोरांना घेऊन मुलखाला गेलं, म्हातारी मिरच्यावालीच्या घरीच राहिली. पलटणवाला बाजाराची राखण करू लागला. मला मात्र तो शेवटपर्यंत चारचौघांत "पुतण्या" म्हणूनच हाक मारायचा, आणि मी "काय चुलते?" म्हणून जायचो. दिवाळीला तो आमच्याकडे जेवायला येई तेव्हा बायको त्याला आधी वाढायची, मला मागाहून.