मिस्त्रीचा जॉइंट

पुण्याहून त्या कॅसेटी मी आणल्या होत्या. नाट्यगीतांच्या, निवडून निवडून. आणि ऐकायचं कुणी? ह्यांनी आणि ह्यांच्या ऑफिसातल्या मित्रांनी. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये दर रविवारी सकाळी हॉलमध्ये मैफल भरायची आणि मी आत साबुदाणा वडे तळायची. मला गाणं ऐकू यायचंच नाही. यायचं ते फक्त त्या चौघांचं "वा!"

एकदा म्हटलं, "अहो, टेपला दोन स्पीकर आहेत. एक आत ठेवूया ना."

"वाफेनं खराब होईल," हे पेपरमधून म्हणाले. "आणि तार पुरणार नाही."

वाफेनं स्पीकर खराब होतो, बायको होत नाही. असं तेव्हा म्हणायला हवं होतं. मी मात्र "बरं" म्हणून आणखी चार वडे सोडले. इतकी गरीब गाय होते मी, आता आठवलं की स्वतःचेच कान उपटावेसे वाटतात.

मंगळवारी हे ऑफिसला गेल्यावर मी तार आणली. विळीवर प्लास्टिक सोललं आणि जुन्या-नव्या तारांची टोकं एकमेकांना बांधली. कशी? गजऱ्याला मारतात तशी गाठ, वर आणखी एक. झरोक्यातून तार आत घेतली, स्पीकर पिठाच्या डब्यावर ठेवला. दोन मिनिटं खरखर, मग ठार शांतता.

मी चूक केली असेल हे माझ्या डोक्यात आलंच नाही. स्पीकर चादरीत बांधला, पुरावा म्हणून ती गाठ कापून पर्समध्ये टाकली आणि रिक्षानं थेट, स्पीकर घेतले होते त्या दुकानात. तिथल्या म्हाताऱ्या सरदारजींना यथेच्छ झापलं. त्यांनी ऐकून घेतलं, स्पीकर आपल्या तारेला लावला. उत्तम वाजला.

"बहनजी, स्पीकर तो ठीक है. तार कैसे जोड़ी थी?"

मी ऐटीत पुरावा काढला. त्यांनी तो चष्म्याजवळ नेला. "ये माला किसके गले में डालनी थी?"

"पक्की गांठ है," मी म्हटलं. "टूटेगी नहीं."

"गांठ से आवाज़ नहीं जाती, बहनजी. तांबा तांबे से मिलना चाहिए."

मग त्यांनी शिकवलं. इंचभर सोला. काळं पडलेलं तांबं ब्लेडनं खरवडून चकचकीत करा. दोन टोकं आडवी ठेवून एकमेकांभोवती घट्ट पिळा, तांब्याचा एकही केस बाहेर नको. दोन्ही जोड शेजारी शेजारी येऊ देऊ नका, पट्टी वेगवेगळी गुंडाळा. आणि एका तारेला खूण करा, म्हणजे टेपच्या लाल खाचेतली तार स्पीकरच्याही लाल खाचेतच जाईल. घरी येऊन मी तसंच केलं. खूण म्हणून जोडाच्या दोन्ही बाजूंना एकेक मरून रंगाची टिकली चिकटवली, वर काळी पट्टी. संध्याकाळी स्वयंपाकघरात गाणं असं स्वच्छ आलं की पोळी करपली.

हे घरी आले, ऐकलं, तार निरखली. "कुणी केलं?"

आणि मी मूर्ख बाई काय म्हणाले? "मिस्त्री आला होता."

"अच्छा," म्हणाले. "मिस्त्रीनंच लावलाय, तर राहू दे."

वाफ गेली कुठे? पुढची वीस वर्षं आल्यागेल्याला तार दाखवून म्हणायचे, "काय जॉइंट मारलाय, यार. असे मिस्त्री आता मिळत नाहीत." मी चहाचा ट्रे धरून उभी, आतल्या आत धुमसत. पण खरं सांगितलं तर स्पीकर परत हॉलमध्ये जाईल, ही भीती. म्हणून गप्प. वीस वर्षं, मी!

पुढे दिल्लीतच द्वारकेच्या फ्लॅटमध्ये सामान लावताना ती पट्टी सुटली. ह्यांनी उरलेली सोलली आणि थांबले. बोटावर मरून टिकली.

"मिस्त्री टिकल्या लावायचा?"

"हो," मी म्हटलं. "आणि तोच तुम्हाला रोज वाढतो."

मग त्यांनी स्वतः नवी पट्टी गुंडाळली. सैल. मी सोडली आणि पुन्हा गुंडाळली, त्यांच्यादेखत.